बसऱ्याच्या भिंतीवर आपली पोरं आहेत, पण नुसत्या आकड्यात

बसरा म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवते ती नथ. बसरा मोत्याची, पणजीकडून आजीकडे आलेली, आणि मग ती कुणाच्या वाट्याला गेली यावरून दोन पिढ्या धरलेला अबोला. पण शंभर वर्षांमागं सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत बसरा म्हणजे पोरगा गेला ते ठिकाण होतं. आमच्या घरातही एवढंच माहिती आहे की आजीचा एक चुलता बसऱ्याला गेला नि आला नाही. कुठल्या पलटणीत होता, कसा गेला, काही नाही. विचारायचं कुणाला, सांगणारी माणसंच राहिली नाहीत.

तर मुद्दा असा की इराकमध्ये बसऱ्याजवळ एक मोठं युद्धस्मारक आहे, बसरा मेमोरियल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांचं. १९२९ मध्ये उभं राहिलं. त्यात हिंदुस्थानी फौजेतले ढीगभर आणि त्यात आपल्या मराठा पलटणी, १०३, १०५, ११०, ११४, ११७. आणि या भिंतीवर काय लिहिलंय माहितीये? गोऱ्या सैनिकाचं नाव आहे, मग तो साधा शिपाई का असेना. हिंदुस्थानी सुभेदार-जमादारांचीही नावं आहेत. त्याखालचे आपले शिपाई, नाईक, हवालदार यांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. आणि इतर अमुक इतके हिंदुस्थानी सैनिक. बास. विषय संपला.

हे वाचलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. कारण हे स्मारक उभारणाऱ्या, सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कमिशनचं, म्हणजे तेव्हाच्या इम्पीरियल आणि आताच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं तत्त्व काय होतं, तर मेल्यावर सगळे सारखे, हुद्दा, जात, धर्म, वंश काही बघायचं नाही. आणि फ्रान्समध्ये त्यांनी ते पाळलं पण! न्यूव्ह शापेलला हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ चं, त्यावर ४,७०० हून जास्त नावं कोरलीत, अगदी साध्या शिपायाचंसुद्धा. म्हणजे सैन्य तेच, युद्ध तेच, कमिशन तेच. तिथं युरोपातले लोक येऊन बघणार म्हणून नावं, आणि इकडं वाळवंटात कोण येतंय बघायला म्हणून आकडा? हा माझा तर्क आहे, पण दुसरं कारण पटेल असं कुणी सांगितलं तर ऐकायला तयार आहे.

इराकमधल्याच अमारा गावाची गोष्ट तर याहून वाईट. तिथं तैग्रिस नदीच्या डाव्या काठावर हिंदुस्थानी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. सुमारे ५,००० माणसं. त्यातली ओळख पटलेली किती? ९. नऊ! का, तर लष्करानं नीट नोंदीच ठेवल्या नाहीत.

आता हे लोक तिथं गेले कसे तेही थोडं सांगतो, कारण शाळेत आपल्याला पहिलं महायुद्ध म्हणजे साराजेव्हो, आर्चड्यूक आणि व्हर्सायचा तह एवढंच शिकवलं, आपली माणसं त्यात होती हे कुणी सांगितलंच नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी डिव्हिजन तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या बसऱ्याला उतरली. डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. काम काय, तर शेजारच्या इराणातल्या अबादानच्या तेलाचं रक्षण. १०३, ११० आणि ११७ मराठा याच डिव्हिजनमध्ये. १०३ म्हणजे आजची पहिली मराठा, जंगी पलटण, १७६८ पासूनची. सुरुवातीला सगळं सोपं गेलं म्हणून साहेब लोकांना चेव चढला, बगदाद घेऊ म्हणाले, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोनला जबर मार खाऊन सगळे मागं फिरले ते कुत-अल-अमारा या गावात अडकले. तैग्रिसच्या वळणात वसलेलं गाव, तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला तुर्क.

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळजवळ पाच महिने वेढा.

धान्य संपत आलं तेव्हा घोडे, खेचरं मारून खायला सुरुवात झाली. गोरे सैनिक खायला लागले, आपल्यातले बरेच जण तयार होईनात. वरचे अधिकारी वैतागले, इतिहासाच्या पुस्तकात तर ‘धार्मिक अंधश्रद्धा’ म्हणून एका ओळीत हे उरकून टाकतात. पण जरा विचार करा हो, घोड्याचं मांस खाल्लं ही बातमी गावात पोचली तर वाळीत टाकतील, पोरीबाळींची लग्नं अडतील, ही भीती त्या वेळच्या कुणब्याच्या, मराठ्याच्या पोराला असणार की नाही? शेवटी इकडून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली, तरी पुष्कळांनी अगदी शेवटी शेवटी तोंड लावलं, तोवर स्कर्व्हीनं, म्हणजे जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, हिरड्या सडायला लागल्या होत्या. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली नि जखमी झाली, वेढा काही फुटला नाही. शेवटी कुतमधले सुमारे १३ हजार तुर्कांना शरण गेले, त्यात बहुतेक हिंदुस्थानी, आणि पाणके, खेचरवाले, स्वयंपाकी असे बिनबंदुकीचे लोकही भरपूर.

त्यानंतरचं वाचवत नाही. उपाशी, आजारी माणसांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं, आजच्या सीरियातल्या रस-अल-ऐनकडं रेल्वेच्या कामाला जुंपलं. किती वाटेत पडले त्याचा धड हिशोब नाही. आणि कुतमधल्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड साहेब? ते इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, नोकरचाकरांसकट.

असो. या लोकांचा विषय काढला की आपल्याकडं लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते इंग्रजांचे भाडोत्री, त्यांचं कसलं कौतुक. दुसरी लगेच तलवार, भगवा, सिंहगर्जना लावून रील बनवते. मला दोन्हीचा कंटाळा आलाय. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता, घरची जमीन खडकाळ, वर सावकार. पोरगा भरती झाला यात देशद्रोहही नव्हता नि साम्राज्यावरचं प्रेमही नव्हतं. आणि ‘मराठा’ पलटण म्हटली तरी तिच्यात दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, रीलवाल्यांना हे सांगितलं की गप्प होतात. महारांची भरती तर इंग्रजांनी आधीच बंद केलेली, युद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. वापरून घेणं म्हणजे काय ते यात दिसतं.

भाडोत्री म्हणा नाहीतर वीर म्हणा, आधी तो माणूस कोण होता ते तरी माहिती करून घ्या की.

बरं, नुसतं इंग्रजांच्या नावानं बोटं मोडण्यातही अर्थ नाही. आपल्या गावांत बघा. देशावर, कोकणात कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली छोटी दगडी पाटी असते, या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक माणसं गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. इथंही आकडाच! आमच्याकडच्या पाटीवर दर दिवाळीला शाळेच्या भिंतीबरोबर डिस्टेंपरचा हात बसतो, अक्षरं निम्मी बुजलीत, आणि वरच्या खिळ्याला मंडळाच्या बॅनरची दोरी. पोरांना विचारलं हे काय आहे, तर म्हणे जुन्या सरपंचाचं काहीतरी. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं तरी सगळ्यांना माहिती आहे, पहिल्या महायुद्धात ४६ जण मेले, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. पण बाकीच्या गावांचं काय, जिथून चार गेले नि एक मेला?

२०२१ मध्ये कमिशननं स्वतःच चौकशी अहवाल काढून कबूल केलं की आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक दिली गेली, आणि शिवाय किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावानं किंवा अजिबातच दखल घेतली गेली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. ठीक आहे, मागितली. पण बसऱ्याचं ते स्मारक आता मूळ जागी पण नाही, सद्दामच्या हुकमानं १९९७ मध्ये अख्खंच्या अख्खं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब वाळवंटात नेऊन ठेवलं. तिथं जाऊन आपली नावं कधी कोरली जातील याची वाट बघत बसायची माझी तयारी नाही.

कारण नावं आहेत! भिंतीवर नाहीत पण रजिस्टरमध्ये बरीच आहेत आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. बसरा मेमोरियल निवडा, रेजिमेंटमध्ये मराठा टाका, आणि जास्तीच्या माहितीच्या रकान्यात जिल्हा टाकून बघा. बऱ्याच नोंदींमध्ये बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं आहे. स्पेलिंगची मात्र वाट लागलेली, इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळं गावाचं नाव मोठ्यानं दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतीनं वाचायचं, मग कळतं की अरे हे तर आपल्या शेजारचं. मी आमच्या तालुक्याची यादी काढायला घेतली तेव्हा रात्री जेवायचं राहिलं. आजीचा चुलता त्यात आहे का ते अजून ठरवता येत नाही, त्या आडनावाची दोन माणसं सापडलीत, दोघंही शेजारच्याच गावांतली, दोघंही १९१६ मध्ये गेलेली.

ग्रामपंचायतीकडं माझं मागणं एवढंच आहे की जुन्या पाटीला हात लावू नका, तिच्या खाली दुसरी पाटी बसवा आणि तिच्यावर नावं घाला. मराठीत, बापाच्या नावासकट. ग्रॅनाइटच पाहिजे असं नाही, कडाप्पा चालेल. उद्घाटनाला कोण, फोटो कुणाचा, हे भांडण नंतर करा.

तुमच्या गावात अशी पाटी असेल तर रंगकाम निघायच्या आधी फोटो काढून इथं टाका, गाव आणि तालुका लिहा. यादी शोधायला मी मदत करतो. नोंदी इंग्रजीत आहेत म्हणून अडू नका, गावाचं नाव फक्त नीट सांगा, जुनं नाव वेगळं असेल तर तेही सांगा, कारण तिथंच सगळा घोळ होतो.