'डेल' लिहिलं, तरी मेमरी हलेना

पायथनमध्ये भल्यामोठ्या लिस्टवर 'डेल' (पुसून टाकायची आज्ञा) चालवलं की मनाला बरं वाटतं. तेवढंच. जीसी, म्हणजे पायथनचा कचरावेचक, हाताने चालवून पाहिला तरी आरएसएसचा (प्रोग्रॅमने रॅममध्ये प्रत्यक्ष अडवलेल्या जागेचा) आलेख ढिम्म. लगेच कुणीतरी 'मेमरी लीक!' (म्हणजे काम झालेली मेमरी सुटतच नाही) म्हणून मोकळा होतो आणि निस्तरायला आम्ही.

आधी तेच काम ओळीने दहादा चालवावं. दर फेरीला पायरी चढली तर लीकचा संशय रास्त. एकदा चढून आलेख सपाट झाला तर बहुधा ॲलोकेटर, म्हणजे मेमरी वाटणारा कारभारी, ती धरून बसलाय.

तो का सोडत नाही? 512 बाइटपर्यंतच्या मागण्या पायमॅलॉक, म्हणजे पायथनचा स्वतःचा ॲलोकेटर, भागवतो. 64-बिटवर 3.10 पासून तो 1 एमबीचे अरीना (मेमरीचे मोठे तुकडे) घेतो आणि त्यांचे 16 केबीचे पूल पाडतो. एका पूलमध्ये एकाच मापाचे ब्लॉक. अरीना परत द्यायचा तर सगळे पूल रिकामे हवेत. कुठल्याशा कॅशमध्ये (पुन्हा लागेल म्हणून राखलेल्या साठ्यात) 28 बाइटचा एक इंटिजर उरला (जागा अडवतो 32 बाइट, कारण मापं 16च्या पटीत), की अख्खा एमबी अडकला. एक बिऱ्हाड हलेना म्हणून इमारत पाडता येत नाही, तशातली गत.

मग ट्रेसमॅलॉकचे (कोडच्या कुठल्या ओळीने किती मेमरी घेतली ते टिपणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलचे) दोन स्नॅपशॉट घेऊन तुलना करावी. हा हेर स्वतःही मेमरी खातो आणि प्रोग्रॅम रखडवतो, तेव्हा त्याच्या देखत मोजलेला आरएसएस पुराव्यात धरू नये. फरकात एखादी ओळ फुगत असेल तर चोर सापडला. बहुतेकदा मर्यादा न घातलेली कॅश. ट्रेसमॅलॉक शांत आणि आरएसएस वाढतोच, तर एखादं सी-एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेली जोड) पायथनला वगळून परस्पर मॅलॉक करतंय, म्हणजे मेमरी घेतंय, किंवा साठा खालच्या थरात आहे. पायथनच्या सिस मॉड्यूलमधलं 'अंडरस्कोर डीबगमॅलॉकस्टॅट्स' हे फंक्शन एररच्या प्रवाहात आकड्यांचा पाऊस पाडतं. त्यात अरीनांची संख्या आणि मोकळ्या ब्लॉकचा रकाना, एवढंच बघावं.

अरीना मोजकेच निघाले तर नजर जीलिबसीकडे, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीकडे. तिचाही स्वतःचा ॲलोकेटर असतो. थ्रेड भरपूर असले तर 64-बिटवर ती एका कोअरमागे 8 अरीना उघडू शकते. 16 कोअरवर 128! (नाव तेच, अरीना वेगळे. ही नावं ठेवणाऱ्याला काय म्हणावं?) मॅलॉक-अरीना-मॅक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 2 करून पाहावा. नाहीतर सीटाइप्समधून (पायथनमधून सीची फंक्शनं बोलावणारं मॉड्यूल) मॅलॉक-ट्रिमला, म्हणजे मोकळी मेमरी सिस्टिमला परत करणाऱ्या फंक्शनला, शून्य देऊन हाक मारावी. आरएसएस धाडकन उतरला, तर साठेबाज जीलिबसीच. काही महाभाग हा ट्रिम दर मिनिटाला टायमरवर लावतात. आलेख देखणा दिसतो. पण सोडलेली मेमरीची पानं परत मागताना पेज-फॉल्टचा (पान जागेवर नाही म्हणून ते नव्याने मिळवण्याचा) भुर्दंड सीपीयू भरतो.