‘ॲम’खालची रेघ

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या संपकरी सफाई कामगारांचा १९६८ चा फलक फोटोत बहुतेकांनी पाहिलेला असतो. ‘आय ॲम अ मॅन.’ मराठीत त्याचं सर्रास ‘मी माणूस आहे’ होतं आणि अर्धा अर्थ तिथेच सांडतो. अमेरिकेच्या दक्षिणेत साठीच्या कृष्णवर्णीयालाही गोरे ‘बॉय’ म्हणून हाक मारत. म्हाताऱ्या घरगड्याला ‘ए पोऱ्या’ म्हणावं, तसं. हा ‘मॅन’ त्या ‘बॉय’ला दिलेलं उत्तर आहे. बाप्या माणूस आहे मी, पोऱ्या कुणाला म्हणतोस?

‘ॲम’खाली रेघही आहे. माझ्या मते तिचा धागा १७८७ पर्यंत जातो. ब्रिटनमध्ये चिनीमातीची भांडी बनवणाऱ्या वेजवुडने गुलामगिरीविरोधी पदक काढलं. बेड्यांतला, गुडघे टेकलेला, हात जोडलेला काळा माणूस त्यावर विचारतो, ‘मी माणूस आणि भाऊ नाही का?’ हेतू चांगला, सूर विनवणीचा. १९६८ मध्ये प्रश्नचिन्ह गेलं आणि क्रियापदाखाली रेघ आली.

मधला एक टप्पा न्यूयॉर्कचा. ‘काल एका माणसाचं लिंचिंग झालं’ एवढंच लिहिलेला काळा झेंडा एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या कार्यालयाच्या खिडकीतून फडकवायची. १९२० पासूनची ही रीत. त्यावर नाव, गाव, तारीख काहीच नाही, म्हणून तेच कापड पुन्हा पुन्हा चालायचं. यातच सगळं आलं. १९३८ मध्ये जागा सोडावी लागेल अशी धमकी आली आणि झेंडा उतरला. बंदी घालायला कायद्याची गरजच पडली नाही, भाडेकरार पुरला.

आता मेम्फिस. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसापासून आडोसा म्हणून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारं यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघे चिरडले गेले. त्याच सुमारास पावसामुळे काळ्या कामगारांना दोन तासांचा पगार देऊन घरी धाडलं होतं, गोऱ्यांना मात्र पूर्ण दिवसाचा. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० जण संपावर गेले.

फलकाची रचना बघा. चारच शब्द, जाड अक्षरं, बाकी काही नाही. रस्त्यापलीकडून वाचता येतो. २८ मार्चच्या मोर्चात तो लाकडी काठ्यांवर होता आणि घोळ तिथेच झाला. काहींनी त्याच काठ्यांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, १६ वर्षांचा लॅरी पेन पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी काठ्या गायब! फलक दोरीने गळ्यात, बरोबर छातीवर. एका बाजूला नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या संगिनी, दुसऱ्या बाजूला चिलखती गाड्या, मधून एका ओळीत चाललेली माणसं.

४ एप्रिलला, संपाच्या पाठिंब्यासाठी मेम्फिसला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची तिथेच हत्या झाली. १६ एप्रिलला संप मिटला. युनियनला मान्यता मिळाली आणि ताशी १० सेंट वाढ, सप्टेंबरपासून आणखी ५. त्या पिढीतल्या हयात कामगारांना निवृत्तीसाठी म्हणून शहराने अनुदान जाहीर केलं, ते २०१७ मध्ये.