लांडगा मरो!

इटलीत रेल्वेचा संप बहुधा शुक्रवारी येतो. शनिवार-रविवार जोडून मिळतो ना, असं इथलेच लोक डोळा मारून सांगतात. बोलोन्याहून रिमिनीला जाणारी माझी गाडी रद्द. खिडकीतल्या बाबानं ते सांगितलं आणि वर हसून म्हणाला, "बुऑन व्याज्जो!" अरे, गाडीच नाही तर कसला शुभ प्रवास? शिवी हासडली असती तर कमी झोंबलं असतं.

संपाला माझा विरोध नाही, गिरणगावात वाढलोय. १९९० च्या कायद्यामुळे इथं संपातही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ थोड्या गाड्या सोडाव्या लागतात. तेव्हा वाजले होते तीन.

बाकावर शेजारी एक आजी. तिला फोर्लीला जायचं होतं, म्हणजे माझ्याच वाटेवर. नातू न्यायला येणार होता. मी परका, एकटा, आणि गळा उघडा! घामावर वारं लागलं की इटालियन माणूस आडवा होतो, म्हणून आधी मफलर घालायला लावला. मग सूचना. पाकीट पुढच्या खिशात. डुलकी काढायची नाही. पोचलास की कळव! कुणाला? नंबर काही दिला नाही.

शेवटी म्हणाली, "इन बोक्का अल लूपो!" म्हणजे जा लांडग्याच्या तोंडात. हा आशीर्वाद. आभार मानायला तोंड उघडतोय तोच तिनं माझं मनगट धरलं. आभार मानले की सगळं ओमफस. "क्रेपी" म्हणायचं, मरो तो लांडगा!

म्हणालो. तर समोरची सॅकवाली पोरगी उसळली. "का मरो? लांडगीण पिल्लांना तोंडात धरूनच सुखरूप नेते. 'व्हीवा इल लूपो' म्हणा, जगो तो लांडगा!"

"माझ्या वडिलांच्या मेंढ्या काय सुखरूप न्यायला उचलल्या?"

"१९७१ पासून शिकारबंदी आहे!"

"म्हणूनच माजलेत!"

एका सुटातल्या गृहस्थानं पेपर खाली केला. "बाईसाहेब, लांडगिणीच्या दुधावर रोम उभं राहिलं."

"आणि पुढं काय दिवे लावले रोमनं?"

मग तिघंही माझ्याकडे वळले. लांडगा मरावा की जगावा, तू बोल. मी विचारलं, रिमिनीची पहिली गाडी कितीला? कुणी ऐकलंसुद्धा नाही.

आमच्याकडेही निघताना हातावर दही ठेवतात, "जातो" म्हटलं की आई डोळे वटारते. पण त्यात कुठल्या जनावराचा निकाल लावावा लागत नाही. इथं मी सुखरूप पोचावं म्हणून अख्खा देश जीव टाकतोय, फक्त नेऊन पोचवणारा ड्रायव्हर तेवढा नाही.

पावणेपाचला नातू आला, चांगली ऐसपैस मोटार घेऊन. आजी पुढं बसली, काच खाली करून मफलरची पुन्हा आठवण केली, "बुऑन व्याज्जो" म्हणाली आणि गेली फोर्लीला. मागच्या सीटवर तिची भाजीची पिशवी होती. तिला बेल्ट लावला होता.