कपाशीला तीन फूट

आज सकाळी विमान कंपनीचा संदेश आला की तुमचा प्रवास कसा झाला ते कळवा आणि पाचपैकी तारे द्या. तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहीत आहे.

गेल्या आठवड्यात बाबांना मणक्याच्या तपासणीसाठी नागपूरहून मुंबईला नेले. बाबांचे वय बहात्तर, उंची जवळजवळ सहा फूट आणि विमानात बसण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे दारव्ह्याहून निघताना त्यांनी लग्नकार्याचे ठेवणीतले धोतर काढले होते. खुर्चीत टेकताच त्यांचे दोन्ही गुडघे पुढच्या खुर्चीला भिडले. "काऊन रे, हे पाय आता कुठी ठेवू?" त्यांनी इतक्या हळू विचारले की मलाच ओशाळल्यासारखे झाले.

स्वस्त विमानांत एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत साधारण २८ ते ३० इंच अंतर असते आणि खुर्चीची जाडीही त्यातच धरलेली असते. आमच्या शेतात कपाशीच्या दोन ओळींत ३ फूट, म्हणजे ३६ इंच सोडतात, कारण झाड पसरणार हे सरकी टोबणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. एअरबस ए-३२० विमानात सगळ्या साध्या खुर्च्या असल्या तर १८० बसत. पुढे मागची शौचालये आणि खाण्यापिण्याच्या सामानाची जागा आवळून त्या १८६ केल्या. वाचलेली जागा प्रवाशांच्या पायांना देता आली असती, तिथे आणखी एक रांग बसवली! शिवाय पाय मोकळे सोडायचे असतील तर पहिल्या रांगेचे वेगळे पैसे. तिकीट काय आपण फक्त धडाचे काढतो?

तिकिटे स्वस्त झाली नसती तर बाबा विमानात चढलेच नसते, हे मान्य. पण "दीड तासाचाच तर प्रश्न आहे" हे मला कोणी ऐकवू नये.

विमानाच्या नव्या प्रकाराला परवानगी मिळण्यापूर्वी निम्म्याच दारांतून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते. मुंबईला बाबांना नुसते उभे राहायलाच त्याहून जास्त वेळ लागला. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा पुढच्या खुर्चीवर होता आणि मागे खोळंबलेला एक तरुण सारखा घड्याळ पाहत होता. त्याच्यावर मी मनातून फार चिडलो होतो. आता वाटते, त्या बिचाऱ्याचेही पाय आखडलेच असतील.

रात्री धोतर वर सारून बाबांनी गुडघा दाखवला, तर त्यावर पुढच्या खुर्चीच्या कडेचा निळसर वळ उमटलेला. "बैलबंडीत बरं होतं बापा, पाय खाली सोडता येत होते," एवढेच बोलून ते हसले.

मी एक तारा दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला जायचे आहे आणि पहिल्या रांगेचे जादा पैसेही मी आजच मुकाट्याने भरले आहेत. बाबांना ते सांगितलेले नाही, नाहीतर तेवढ्यात खताचे पोते आले असते, हे मला नागपूरपर्यंत ऐकावे लागेल.