बोल की रे बाबा एकदाचा!

प्रयोगशाळेतला मीटर चालू. संगणक चालू. मधली केबल घट्ट. तरी पडद्यावर तेच: टाइमआउट, म्हणजे मीटरचं उत्तरच नाही.

कालपर्यंत हाच मीटर संगणकाच्या कॉम ३ या सीरियल पोर्टवर पोपटासारखा बोलत होता. आज कुणीतरी मीटरची सीरियल केबल यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर शेजारच्या पोर्टात खोचला, तर विंडोजने त्याला परस्पर कॉम ११ करून टाकलं. प्रोग्रॅम बिचारा अजून ३ नंबरचं दार ठोठावतोय. ते सापडलं, तर बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, जुळेना. इकडे ९६००, तिकडे १९२००. तेही जुळवलं, तरी मौनव्रत! का? तर साहेबांना आदेशाच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड ही ओळ संपवणारी दोन्ही अक्षरं लागतात, मी नुसता लाइनफीड पाठवत होते. एका न दिसणाऱ्या अक्षरापायी अख्खी दुपार गेली, आणि तोवर क्रायोस्टॅटमधला (नमुना थंड ठेवायच्या भांड्यातला) लिक्विड नायट्रोजनही उडून गेला.

त्यापेक्षा जीपीआयबी, म्हणजे उपकरणं संगणकाला जोडायची जुनी पद्धत, परवडली. १९७५ साली प्रमाण ठरलेली, २४ पिनांची, वळता वळत नाही अशी जाडजूड केबल, पण स्क्रूने आवळली की हलत तरी नाही. (दोन उपकरणांना चुकून एकच पत्ता दिला नाही म्हणजे मिळवली.) पण आमचं जीपीआयबी कार्ड संगणकाच्या आतल्या जुन्या पीसीआय खाचेत बसणारं. नव्या संगणकात ती खाचच नाही! म्हणून कोपऱ्यात विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या जुन्या संगणकाचं एक धूड जपून ठेवलंय, वर ठळक चिठ्ठी: ‘बंद करू नये’.

काल कुणीतरी त्याचाच प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावला.