‘ऑपरेशन कमळ’चा जन्म महाराष्ट्रातला नाही

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘ऑपरेशन कमळ’ हा शब्द 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा महाराष्ट्रात निघाला, तो म्हणजे आयाराम-गयारामच, आणि आमदाराने राजीनामा दिला की पक्षांतरबंदी कायदा त्याला लागत नाही. तिन्ही विधानं चूक आहेत. निदान बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाने तरी ती पुढे पाठवू नयेत.

शब्द कर्नाटकातला, 2008 चा. त्या मे महिन्यात 224 पैकी 110 जागा भाजपला मिळाल्या, बहुमताला हव्या होत्या 113. येडियुराप्पांचं सरकार अपक्षांच्या टेकूवर उभं राहिलं. मग काँग्रेस आणि जेडीएसचे (जनता दल सेक्युलर) काही आमदार राजीनामा देऊन भाजपमध्ये आले आणि कमळाच्या चिन्हावर पुन्हा लढले. कन्नडमध्ये याला ‘ऑपरेशन कमल’ म्हणू लागले. त्या डिसेंबरात आठ पोटनिवडणुका झाल्या, भाजपने पाच जिंकल्या. पाचांतल्या दोन जागा आपल्याच जिल्ह्यातल्या: हुक्केरीत उमेश कत्ती, अरभावीत बालचंद्र जारकीहोळी. मे महिन्यात हे दोघेही जेडीएसचे आमदार होते.

आयाराम-गयाराम ही गोष्ट वेगळी. 1967 साली हरियाणात गयालाल या आमदाराने थोड्याच दिवसांत अनेकदा बाजू बदलली, त्यावरून तो शब्द पडला. तेव्हा पक्ष बदलला तरी आमदारकी शाबूत राहायची. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, ते थांबवलं. एक तृतीयांश आमदार फुटले तर मिळणारी सवलत 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने काढून टाकली. उरलं दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होणं, आणि तेवढी माणसं जमवणं फार अवघड. म्हणून ऑपरेशनमध्ये आमदार थेट इकडे आणण्यापेक्षा त्यांना राजीनामा द्यायला लावून सभागृहाची संख्याच खाली आणतात. 2019 मध्ये कर्नाटकात काँग्रेस-जेडीएसचे 17 आमदार अपात्र ठरून बाद झाले, 224 चे 207 उरले, बहुमत 113 वरून 104 वर आलं आणि भाजपकडे 105 होते. महाराष्ट्रात 2022 ला शिंदे गटातल्या कुणी राजीनामा दिला नव्हता. आम्हीच मूळ पक्ष, असा त्यांचा दावा होता. तिथे हा शब्द सैलपणे वापरला गेला. काँग्रेसकडे कुणी चाललं की इथे ‘ऑपरेशन हस्त’ म्हणतात, तेही ध्यानात असू द्या. आणि शब्द वापरला म्हणून पैसे दिल्याचं सिद्ध होत नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो.

राजीनाम्याचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धवट खरा वाटतो. त्या 17 जणांत गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील होते. पाटलांनी तर राजीनामाही दिला नव्हता, ते विश्वासदर्शक ठरावाला गैरहजर होते. 13 नोव्हेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राजीनामा दिल्याने विधानसभा अध्यक्षांचा अपात्र ठरवण्याचा अधिकार संपत नाही. अपात्रता कायम राहिली. रद्द झाली ती फक्त अध्यक्षांनी घातलेली, 2023 पर्यंत निवडणूक न लढवण्याची अट. 5 डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही भाजपकडून निवडून आले. अपात्र आमदाराला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही, हे घटनेच्या कलम 164 मध्येच आहे. त्यामुळे जारकीहोळी आणि पाटील यांचा शपथविधी निकालानंतर, 6 फेब्रुवारी 2020 ला झाला.