डिझेल गाडीला घट्ट ऑइल पाजा आणि निवांत झोपा

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीची सर्विसिंग झाली आणि इंजिन ऑइल या विषयातलं सगळं ज्ञान मला एका दुपारात फुकट मिळालं. फुकट म्हणजे ज्ञान फुकट, बिल दोनदा भरलं, ते पुढे येईलच. पण एवढं ज्ञान एकट्याने पोटात ठेवणं बरं नाही, म्हणून हे सल्ले. तुमच्याकडे टर्बो, कॉमन रेल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वगैरे असलेली नवीन डिझेल गाडी असेल तर नीट वाचा. नसेल तर मेहुण्याला फॉरवर्ड करा, त्याच्याकडे असतेच.

पहिलं म्हणजे गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल अजिबात उघडायचं नाही. ते कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, त्याच्यावर इन्शुरन्सचे कागद, त्याच्यावर एक तुटकी चार्जिंग वायर, तशीच राहू दे सगळी रचना. चुकून उघडलंत तर आत एक तक्ता दिसेल, त्यात 5डब्ल्यू-30 (ऑइलची ग्रेड) असं काहीतरी, पुढे एसीईए सी3 (युरोपातल्या गाडी कंपन्यांचं ऑइलचं स्टँडर्ड) असं काहीतरी, आणि मग उगाच रात्रीची झोप जाईल. ज्यांनी इंजिन डिझाइन केलं, टेस्ट बेंचवर तासन्तास तापवलं, गोठवलं, परत तापवलं, त्यांना काय कळतंय, त्यांनी कधी हातात पाना घेतलाय का?

दुसरं, ऑइल ओळखायची खरी पद्धत शिकून घ्या. डिपस्टिक काढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, चोळायचा, बोटं हळूच लांब करायची आणि चेहरा एकदम पडल्यासारखा करायचा. मग म्हणायचं, "साहेब, पाणी झालंय हो पाणी." माझ्यासमोर हे झालं तेव्हा मी पण मान डोलावली, खोटं कशाला बोलू. तो सीनच असा असतो की समोरच्याला वाटतं आपल्या गाडीचा रिपोर्ट आला. आता इंजिन गरम होतं, ऑइल 80-90 डिग्रीला असेल, त्या तापमानाला कुठलंही ऑइल पातळच लागणार, पण हे बोलायचं नाही. तिकडे एसएईवाले (अमेरिकेतली इंजिनिअर लोकांची संस्था) उगाच 1911 पासून ग्रेडचा घोळ घालत बसलेत, 100 डिग्रीला व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा मोजा, 150 डिग्रीला बेअरिंगमध्ये रगडल्यासारखी रगडून मोजा, उणे 30 ला गोठवून मोजा. एवढी यंत्रं लावण्यापेक्षा आमच्या गॅरेजवाल्याची दोन बोटं नेली असती तर काम झालं असतं. अर्थात 150 डिग्रीच्या ऑइलमध्ये बोटं एकदाच घालता येतात, ते जाऊ दे.

तिसरं, कायम घट्ट ऑइल घ्यायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. घट्ट म्हणजे भक्कम, पातळ म्हणजे पेट्रोल गाडीचं, एवढं पाठ करून ठेवा. मला तर तोंडावर सांगितलं, "5डब्ल्यू-30 पेट्रोलला जातं साहेब, डिझेलला 15डब्ल्यू-40 शिवाय पर्याय नाही, आम्ही ट्रकला पण हेच टाकतो." झालं, माझी गाडी ट्रक झाली. कोपऱ्यात बॅरल, त्याच्यावर हँडपंप, खाली तोटीचं माप, मापाच्या कडेला काळ्या बोटांचे ठसे, आणि त्या मापातून धबधब धबधब माझ्या इंजिनात 15डब्ल्यू-40. वर "आता बघा इंजिन कसं स्मूथ वाटेल". आणि गंमत म्हणजे वाटलं सुद्धा! नवीन ऑइल टाकल्यावर कुठल्याही गाडीला दोन दिवस स्मूथच वाटतं, नवीन चप्पल घातल्यावर वाटतं तसं.

आता हे 15 आणि 5 म्हणजे काय ते मला तिथे कोणी सांगितलं नाही, घरी येऊन मीच शोधलं आणि मग डोकं फिरलं. डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नाही. पुढचा 5 किंवा 15 हा थंडीतल्या घट्टपणाचा, मागचा 30 किंवा 40 हा गरम इंजिनातल्या. 5डब्ल्यूची क्रँकिंग टेस्ट उणे 30 डिग्रीला होते, 15डब्ल्यूची उणे 20 ला. तुम्ही म्हणाल आम्ही कुठे बर्फात राहतो. बरोबर, मला पण हेच सांगितलं. पण साध्या 40 डिग्रीचा हिशोब घ्या ना. नेहमीचं 5डब्ल्यू-30 त्या तापमानाला साधारण 70 सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं माप) असतं, 15डब्ल्यू-40 साधारण 105-110. आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर? पहिलं 12 च्या आसपास, दुसरं 14 च्या आसपास. म्हणजे तुमचं ते "पातळ" ऑइल सुद्धा सकाळी स्टार्टर मारताना इंजिनाला पाहिजे त्याच्या सहापट घट्ट असतं! तेव्हा ते टर्बोपर्यंत लवकर पोचावं, कॅमपर्यंत चढावं, चेन टेन्शनरमध्ये भरावं म्हणून ते 5 डब्ल्यू आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो आणि तो नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत असतो, त्याला तुम्ही सांगणार का थांब रे जरा, घट्ट माल येतोय, भक्कम आहे?

आणि गरम इंजिनात तरी 15डब्ल्यू-40 फार मोठं पहिलवान आहे का, तर ते पण नाही. खरी ताकद बघायची ती 150 डिग्रीला आणि जोरात रगडल्यावर किती व्हिस्कॉसिटी टिकते त्यात, त्याला एचटीएचएस म्हणतात. 15डब्ल्यू-40 ला किमान 3.7 पाहिजे. एसीईए सी3 वाल्या 5डब्ल्यू-30 ला किमान 3.5. फरक 0.2! ह्या पॉइंट दोनसाठी ती बोटं चोळली, तो चेहरा पाडला, ते पाणी झालंय पाणी. ऑइलचं प्रेशर वाढतं म्हणाल तर वाढणारच, घट्ट वस्तू बारीक नळीतून ढकलली की प्रेशर वाढतं, आणि जास्त झालं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑइल परत खाली. प्रेशर म्हणजे काही बेअरिंगला मिळालेलं ऑइल नव्हे. पण काटा वर दिसला की माणूस खूश.

चौथं, डब्यावर 5डब्ल्यू-30 दिसलं की डोळे झाकून उचला, पुढचं वाचू नका.

म्हणजे वर घट्ट ऑइलवाल्यांना शिव्या घातल्या म्हणून पातळवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नका, तुमचा नंबर इथे आहे. एका 5डब्ल्यू-30 चं एचटीएचएस 3.5 असतं आणि शेजारच्या फळीवरच्या दुसऱ्या 5डब्ल्यू-30 चं 2.9 पण चालतं, कारण 30 ग्रेडची किमान अट तेवढीच आहे. डबा तसाच, नंबर तोच. तुमचं इंजिन 3.5 धरून बनवलं असेल आणि तुम्ही 2.9 वालं ओतलंत तर नंबर जुळला पण लग्न नाही जमलं. म्हणून मागच्या बाजूला, जिथे अक्षरं मुंगीएवढी असतात, तिथे सी2 आहे, सी3 आहे, का कंपनीचं स्वतःचं अप्रूव्हल आहे ते बघायचं असतं. पण तुम्ही नका बघू, चष्मा घरी राहिलाय.

पाचवं, राखेची काळजी करू नका, राख काय कुठेही पडते. डीपीएफमध्ये काजळी साठते, गाडी ती 600 डिग्रीच्या आसपास जाळून टाकते, फिल्टर मोकळा. मात्र ऑइलमधल्या ॲडिटिव्हची, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची जी राख होते ती जळत नाही, ती आधीच जळून झालेली असते, ती तिथेच बसते, कायमची, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी. म्हणून सी3 मध्ये सल्फेटेड ॲश, म्हणजे हीच राख, 0.8 टक्क्यापर्यंतच चालते आणि जुन्या पद्धतीच्या ए3/बी4 ऑइलमध्ये ती 1.6 पर्यंत जाऊ शकते. दुप्पट! मी बॅरलजवळ जाऊन वाकून वाचलं. त्याच्यावर एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियमवाल्यांची संस्था) सीएफ-4 लिहिलं होतं. सीएफ-4 हे 1990 चं स्टँडर्ड आहे हो! डीपीएफ डोळ्यासमोर ठेवून एपीआयने सीजे-4 आणलं ते 2006 ला, त्यालाही जमाना झाला, पुढे 2016 ला सीके-4 आलं, आणि माझ्या गाडीत सीएफ-4. आणि पुढे कधी डीपीएफचा दिवा लागला की हेच तोंड वर करून सांगणार, साहेब, आजकालच्या गाड्यांत दम नाही.

सहावं, ऑइल काळं झालं की लगेच बदला. डिझेलमध्ये ते पहिल्या काही दिवसातच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे, तरी बदला, दर आठवड्याला बदला.

सातवं, डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर पेढे वाटा, इंजिन घरच्या घरी ऑइल तयार करतंय. गाडी रोज तीन-चार किलोमीटर जाते, डीपीएफमधली काजळी जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात तुम्ही बंद करता, आणि जाळण्यासाठी जे जादा डिझेल मारलं होतं त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. असं पन्नास वेळा झालं की लेव्हल वर आणि व्हिस्कॉसिटी खाली. पाणी झालंय पाणी म्हणायची खरी वेळ ही असते, पण ही वेळ बोटांना कधी सापडत नाही. फारच वर गेली तर ऑइलचा फवारा ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणारी नळी) हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जातो आणि डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागू शकतं, चावी काढली तरी बंद होत नाही. मज्जा.

आठवं, घट्ट करणारी ॲडिटिव्हची बाटली वरून ओता. आवाज बंद होतो, कान शांत होतात, इंजिन नंतर बघू.

नववं... जाऊ दे, नववं नाही. मस्करी करता करता माझाच बीपी वाढतोय.

सरळ सांगतो. घरी येऊन मी मॅन्युअल काढलं, पिशवी फाडून, चार वर्षांत पहिल्यांदा. तक्त्यात 15डब्ल्यू-40 कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली, नवं कोरं ऑइल काढून टाकलं, फिल्टर परत नवा, सी3 चं 5डब्ल्यू-30 सीलबंद डबा माझ्यासमोर फोडून भरलं, सगळं माझ्या खिशातून. तेलही गेलं, तूपही गेलं. मी गॅरेजवाल्याशी भांडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, टाका काहीतरी चांगलं."

म्हणालो होतो. फोनवर बोलता बोलता, हाताने खूण करून म्हणालो होतो, टाका काहीतरी चांगलं. सीट कव्हरच्या शिलाईचा रंग ठरवायला मी ह्याच गाडीसाठी पाऊण तास उभा होतो, काळा धागा की लाल धागा, आणि ऑइलला "काहीतरी चांगलं". "चांगलं" अशी ग्रेड नसते हो! त्याच्या बॅरलमध्ये जे होतं ते त्याच्या दृष्टीने चांगलंच होतं, जुन्या बिनडीपीएफच्या इंजिनाला ते चालतंच की, काही इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये गरम हवेसाठी 40 ग्रेड दिलेली पण असते. चूक ऑइलची नव्हती, माझ्या गाडीत ते ओतण्याची होती.

आणि तुम्ही हसू नका. तुम्ही पण हेच करता. बिल न वाचता सही करता, आणि मग टर्बो शिट्टी मारायला लागला की कंपनीला शिव्या देत फिरता, ॲव्हरेज देत नाही, डीपीएफ भंगार, डिझेल घ्यायलाच नको होती. ग्रेड माहीत नाही, स्पेसिफिकेशन माहीत नाही, डिपस्टिक कुठल्या बाजूला आहे ते माहीत नाही, आणि मत मात्र घट्ट, 20डब्ल्यू-50 पेक्षा घट्ट. तुमच्या लाखोंच्या गाडीचं इंजिन कुणाच्या तरी दोन बोटांवर सोडून देता आणि वर म्हणता माणूस अनुभवी आहे. अनुभवी असेल, ट्रकचा असेल! मॅन्युअलचं ते एक पान आहे, एकच पान, फोटो काढून फोनमध्ये ठेवा, गॅरेजमध्ये तो फोटो पुढे करा, डबा समोर फोडायला लावा, बिलावर ग्रेड आणि स्पेसिफिकेशन दोन्ही लिहून घ्या. लाज कसली वाटते त्यात? मला वाटली, म्हणून दोनदा पैसे भरले.

आणि हो, माझ्या गाडीखाली आता रोज सकाळी एक थेंब पडलेला असतो. ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच लावलाय. दोन्ही वेळा.